गोत्र वेगळं, अक्षर एकच

मेंदूच्या एका दुर्मीळ आनुवंशिक आजाराची एमआरआय फिल्म पाहिली की छातीत धस्स होतं. निरोगी मेंदूच्या ज्या चित्रात आतला भाग गडद दिसायला हवा, त्यात तो दोन्ही बाजूंना सारखाच पांढराफटक पडलेला असतो. तो फुगलेलाही असतो आणि कानशिलांच्या आत, टेम्पोरल लोबच्या टोकाशी, पाण्याने भरलेल्या पोकळ्या दिसतात. नुसती फिल्म हातात पडलेल्या डॉक्टरला वाटावं, हे मूल अंथरुणाला खिळलेलं असणार, आईवडिलांना ओळखतही नसणार. प्रत्यक्षात ते मूल अडखळत का होईना, पण स्वतःच्या पायांनी चालत दवाखान्यात आलेलं असतं. नाव सांगतं, शाळेचं नाव सांगतं, पाढे म्हणून दाखवतं. डोकं तेवढं वयाच्या मानाने मोठं दिसतं.

फिल्म आणि मूल यांच्यातली ही तफावत मुंबईच्या मज्जाविकारतज्ज्ञांच्या लक्षात आली, याचा मला मुंबईकर म्हणून अभिमान वाटतो. न्यू मरीन लाइन्सच्या बॉम्बे हॉस्पिटलमधले डॉ. भीमसेन सिंघल आणि त्यांचे सहकारी यांनी १९९१मध्ये अशा रुग्णांची माहिती पहिल्यांदा मांडली आणि १९९६मध्ये ‘पेडियाट्रिक न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात सविस्तर लेख लिहिला. दरम्यान १९९५मध्ये नेदरलँड्सच्या डॉ. मार्यो व्हान डर क्नाप यांनी अशाच आठ मुलांची हकिगत प्रसिद्ध केली. जगातल्या दोन टोकांना, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एकच आजार ओळखला गेला. त्याचं शास्त्रीय नाव लांबलचक आहे, मेगॅलेन्सेफॅलिक ल्युकोएन्सेफॅलोपथी विथ सबकॉर्टिकल सिस्ट्स. डॉक्टर मंडळी ‘एमएलसी’ म्हणतात. वैद्यकाच्या पुस्तकांत ‘व्हान डर क्नाप-सिंघल’ असं जोडनावही आढळतं.

सिंघल यांच्या हाताखालून गेलेल्या रुग्णांत आणखी एक गोष्ट समान होती. ही मुलं वेगवेगळ्या घरांतली होती, वेगवेगळ्या गावांतून आलेली होती, पण ती अग्रवाल समाजातली होती.

आता थोडं मायलिनबद्दल. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवर स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं यांचं थरांवर थर असलेलं आवरण असतं, तेच मायलिन. त्यामुळे संदेश वेगाने धावतात. मूल जन्मतं तेव्हा हे आवरण बरंचसं व्हायचं असतं; पहिल्या दोन वर्षांत ते झपाट्याने तयार होतं आणि मूल मान धरतं, बसतं, चालतं. ल्युकोडिस्ट्रॉफी या गटातल्या आजारांत या आवरणाची आनुवंशिक गडबड असते, पण प्रत्येक आजारात ती निराळी. कुठे आवरण नीट तयारच होत नाही, कुठे झालेलं विरघळतं. एमएलसीत ते तयार होतं, पण त्याच्या थरांमध्ये पाणी साठतं. आमच्या भाईंदरच्या खाऱ्या हवेतल्या जुन्या इमारतींमध्ये पावसाळ्यात ओल मुरून भिंतीचा गिलावा फुगतो, भिंत मात्र उभी असते, तसंच काहीसं हे आहे. भिंत उभी असते म्हणूनच फिल्म इतकी भयानक असूनही मूल बोलत असतं.

पाणी का साठतं, याचा माग २००१मध्ये लागला. बाविसाव्या गुणसूत्राच्या टोकाशी असलेलं ‘एमएलसी१’ हे जनुक सापडलं. त्यापासून ३७७ अमिनो आम्लांचं एक प्रथिन बनतं आणि मेंदूतल्या ॲस्ट्रोसाइट नावाच्या पेशींत, रक्तवाहिन्यांना टेकलेल्या त्यांच्या टोकांशी बसतं. मेंदूतल्या क्षारांचा आणि पाण्याचा तोल सांभाळण्यात त्याचा वाटा असतो. २००४मध्ये अमेरिकेतले संशोधक आणि सिंघल यांनी मिळून अग्रवाल रुग्णांचं हे जनुक वाचलं. सगळ्यांत चूक एकच निघाली: १३५व्या जागेशी ‘सी’ हे अक्षर एक जास्त. त्या एका अक्षराने पुढचं सगळं वाचन सरकतं आणि प्रथिन अर्धवट राहतं.

वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या शहरांत अगदी हीच चूक सापडते, याचा अर्थ ती मुळात एका पूर्वजाकडून आलेली आहे. अनेक पिढ्यांपूर्वी कुणा एका माणसात ती घडली. त्याला काही त्रास झाला नाही, कारण जनुकाची दुसरी प्रत शाबूत होती. मुलाबाळांतून, नातवंडांतून ती पसरत गेली. एक प्रत बिघडलेली असेल तर माणूस पूर्ण निरोगी असतो. त्याला वाहक म्हणतात. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तरच प्रत्येक गरोदरपणात, दर वेळी नव्याने, चारात एक अशी शक्यता असते की मुलाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या निघतील.

इथेच आईवडिलांचा सगळ्यात अस्वस्थ करणारा प्रश्न येतो: ‘आमच्यात नात्यात लग्न होतच नाही, मग हे कसं?’ प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न चालतं; अग्रवालांत ते चालत नाही. अग्रोह्याच्या महाराज अग्रसेनांपासून आलेली अठरा गोत्रं परंपरेने मानली जातात, गर्ग, गोयल, बन्सल, मित्तल, सिंघल, जिंदल वगैरे, आणि सगोत्र लग्न वर्ज्य आहे. हा नियम जवळच्या रक्ताला लांब ठेवतो, यात शंका नाही. पण गोत्र बापाकडून चालत येतं. जनुक आईकडूनही येतं. शेकडो वर्षं मुली एका गोत्रातून दुसऱ्या गोत्रात गेल्या आणि ते जास्तीचं अक्षर त्यांच्याबरोबर सगळ्या गोत्रांत जाऊन बसलं. गोत्र बदललं तरी लग्न समाजातच होतं, त्यामुळे दोन वाहक एकमेकांना भेटत राहिले, एकमेकांशी नातं आहे याचा सुतराम पत्ता नसताना.

हे वाचून कुणी ‘त्यांच्यात आहे ना, आपल्याला काय’ असं म्हणेल, तर त्याने थांबावं. २०१७मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये दक्षिण आशियातल्या अडीचशेहून जास्त समूहांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतले डॉ. के. थंगराज त्याच्या प्रमुख लेखकांपैकी एक. तपासलेल्या २६३ समूहांपैकी ८१ समूहांत थोड्या पूर्वजांपासून वाढल्याची खूण इतकी ठळक होती की ती फिनलंडचे लोक किंवा युरोपातले अश्केनाझी ज्यू यांच्यापेक्षाही जास्त भरली. आनुवंशिक आजारांच्या पुस्तकांत हे दोन समाज नेहमीचं उदाहरण म्हणून येतात. म्हणजे जातीतच लग्न करणाऱ्या आपल्या बहुतेक समाजांच्या पोटात असं एखादं अक्षर दडलेलं असू शकतं. अग्रवालांचं सापडलं, कारण मुंबईतल्या डॉक्टरांनी ते चिकाटीने शोधलं. बाकीच्या पुष्कळांचं कुणी शोधलेलं नाही, इतकाच फरक.

भाईंदर पश्चिमेला हा विषय तर दाराशीच आहे. स्टेशनातून बाहेर पडून साठ फुटी रस्त्याला लागलं की दुकानांच्या पाट्यांवरूनच वस्ती कळते. राजस्थान, गुजरात, हरियाणा, उत्तर प्रदेशातून आलेली व्यापारी घरं, देवचंद नगरचं बावन जिनालय, नव्वद फुटी आणि दीडशे फुटी रस्त्यांवरचे हॉल. पुढे मुर्धे, राई, मोर्वे ही जुनी आगरी गावं आणि त्यांच्यालगतची मिठागरं. मग डोंगरी, उत्तनकडे कोळी आणि ख्रिस्ती वस्ती. २०११च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या ८ लाखांच्या वर गेलेली होती. इतक्या दाटीत राहणारी ही माणसं दिवसभर एकमेकांशी धंदा करतात, एका लोकलने जातात, एका गल्लीत गणपती बसवतात. लग्नं मात्र बहुतेक सगळ्यांची आपापल्यातच. आगऱ्यांची आगऱ्यांत, ओसवालांची ओसवालांत. मी टीका म्हणून लिहीत नाही. पण आनुवंशिक आजारांची चर्चा या शहरात व्हायला हवी असेल तर ती याच गोष्टीपासून सुरू करावी लागते.

अशा घरात मूल आलं की नेमकं काय होतं, ते पुस्तकांत आणि प्रकरणांत जसं नोंदलेलं आहे तसं सांगतो. पहिल्या वर्षात डोकं वाढतं, मापपट्टीने दर महिन्याला जाणवावं इतकं. कुणी म्हणतं घराणंच मोठ्या डोक्याचं आहे. वर्षानंतर वाढीचा वेग इतर मुलांसारखाच होतो, म्हणून काळजी मागे पडते. चालायला उशीर होतो. चालायला लागल्यावर तोल जातो, मूल सारखं पडतं, पाय ताठ होत जातात. फिट येतात, पण त्या बहुधा औषधाने आटोक्यात राहतात. पुढे पुष्कळ मुलांना किशोरवयात व्हीलचेअर लागते. बुद्धी मात्र बरीच टिकते. शिक्षण सावकाश का होईना चालू राहू शकतं. काही जण विशी पार करत नाहीत, काही चाळिशी ओलांडतात.

एक गोष्ट मात्र या आजाराची खास आहे आणि ती घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवी. डोक्याला साधा मार लागला, इतर मुलाला नुसतं टेंगूळ येऊन गेलं असतं असा, तरी या मुलाला लांबलेली फिट येऊ शकते, शुद्ध हरपू शकते, काही दिवस ते मागे जाऊ शकतं. म्हणून डोक्यावर हेल्मेट, सायकलचं चालतं. कबड्डी, फुटबॉल नको. पोहणं फक्त कुणी शेजारी पाण्यात असताना. शाळेत पीटीच्या सरांनाच नव्हे, रिक्षावाल्या काकांनाही सांगून ठेवावं. फिट आली तर मुलाला कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा घालायचा नाही, चप्पल-कांदा हुंगवायचा नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर डॉक्टरांनी दिलेला मिडाझोलामचा नाकातला स्प्रे आणि थेट दवाखाना. हा कागद लिहून फ्रिजवर लावला तर आजी-आजोबा एकटे असताना उपयोगी पडतो.

आता हेच मूल घेऊन भाईंदरहून परळला निघालेली आई डोळ्यांसमोर आणा. केईएम किंवा वाडियाची सकाळची ओपीडी गाठायची तर ऐन गर्दीची वेळ. भाईंदरच्या पुलावरचा लोंढा, फलाटावर गाडी थांबायच्या आधीच आत घुसणारे. ज्या मुलाच्या डोक्याला कोपर लागणंही महागात पडतं, ते या लोंढ्यात. दिव्यांगांचा डबा आहे, पण मुलाचं अपंगत्व चेहऱ्यावर दिसत नाही म्हणून तिथेही तिला खुलासा करत बसावं लागतं. आपल्या शहरात भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय आहे, टेंभा म्हणून सगळे ओळखतात. फिटचं औषध, फिजिओथेरपी, पाय ताठ होऊ नयेत म्हणून लागणारे स्प्लिंट आणि वजनानुसार डोस बदलणं एवढं जरी भाईंदर पश्चिमेतच नियमित मिळालं, तरी परळच्या फेऱ्यांपैकी बहुतेक वाचतील. दुर्मीळ आजारालाही रोजची लागणारी सेवा दुर्मीळ नसते.

कागदपत्रांचंही सांगून ठेवतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व आहे. ल्युकोडिस्ट्रॉफी हे नाव त्यात शोधू नका. ‘दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार’ हे शीर्षक बघा, किंवा मुलाच्या स्थितीप्रमाणे हालचालींचं अथवा बहुविध अपंगत्व. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळालं की रेल्वे सवलतीपासून परीक्षेतल्या लेखनिकापर्यंत दारं उघडतात. नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ ही आरोग्यविमा योजना बहुविध किंवा बौद्धिक अपंगत्व असलेल्यांना वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण देते आणि त्यात फिजिओथेरपीही बसते.

एमएलसीवर आज औषध नाही. बार्सिलोनाच्या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूत शाबूत जनुक पोहोचवून थरांतलं पाणी कमी झाल्याचं दाखवलं आहे. माणसापर्यंतचा पल्ला लांबचा आहे. पण याच गटातल्या काही भावंड आजारांना उपचार आहे आणि तिथे वेळेवर निदान म्हणजे जीव वाचणं. ॲड्रेनोल्युकोडिस्ट्रॉफीचं घ्या. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणून आई वाहक आणि मुलगा आजारी. घरात मामा तरुणपणी ‘मेंदूच्या कुठल्याशा आजाराने’ गेल्याची गोष्ट असते. पाच-दहा वर्षांच्या हुशार मुलाचं अक्षर बिघडतं, लक्ष लागत नाही, हाक मारली तर ऐकू आल्यासारखं करत नाही. शाळा म्हणते खोडकर झालाय, शिकवणी लावा. अंग उगीच काळवंडतं, कारण अधिवृक्क ग्रंथीही निकामी होत असतात. या टप्प्यावर एमआरआय आणि रक्तातल्या अतिदीर्घ शृंखलेच्या मेदाम्लांची तपासणी झाली, तर अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने आजार थांबवता येतो. चालणं, दिसणं गेल्यावर प्रत्यारोपण करून उपयोग नसतो. लोरेंझो ओडोन या मुलाच्या आईवडिलांची धडपड १९९२च्या इंग्रजी चित्रपटामुळे जगभर पोहोचली, तो आजार हाच.

मेटाक्रोमॅटिक ल्युकोडिस्ट्रॉफीत तर जनुकोपचार निघाला आहे. युरोपात डिसेंबर २०२०मध्ये आणि अमेरिकेत मार्च २०२४मध्ये त्याला परवानगी मिळाली. अमेरिकेत तेव्हा एका मुलाच्या उपचाराची किंमत साडेबेचाळीस लाख डॉलर ठरली. ती इथे कुणाला परवडणार? आणि तोही लक्षणं दिसण्याआधी किंवा अगदी सुरुवातीलाच द्यावा लागतो. म्हणजे ज्या घरात थोरल्याचं निदान झालंय, त्या घरातल्या धाकट्याला.

केंद्राचं दुर्मीळ आजार धोरण ३० मार्च २०२१ला आलं. परळचं केईएम हे त्यातलं मुंबईचं उत्कृष्टता केंद्र. २०२२मध्ये मदतीची मर्यादा प्रत्येक रुग्णामागे ५० लाखांपर्यंत वाढवली. धोरणाच्या पहिल्या गटात, म्हणजे एकदाच उपचार करून बरे होऊ शकणाऱ्या आजारांत, सुरुवातीच्या टप्प्यातली ॲड्रेनोल्युकोडिस्ट्रॉफी स्पष्टपणे घेतली आहे. ‘सुरुवातीच्या टप्प्यातली’ या शब्दांवर त्या मुलाचं सगळं अवलंबून आहे. शाळेतल्या बाईंनी ‘लक्ष देत नाही’ असं लिहिलं त्या आठवड्यात घर हललं, तर हे पैसे कामी येतात.

पण मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते गप्प बसण्याबद्दल. अग्रवाल रुग्णांतलं अक्षर २००४मध्ये सापडलं. तपासायला रक्ताचा थोडासा नमुना पुरतो, आणि नेमकं कुठे बघायचं हे माहीत असल्याने ती चाचणी साऱ्या जनुकांची छाननी करण्यापेक्षा कितीतरी सोपी आणि स्वस्त आहे. तरी ती लग्नाआधी करून घेणारं घर विरळा. कारण उघड आहे: बायोडेटावर डाग. मुलाला हा आजार आहे हे बाहेर कळलं तर बहिणीचं लग्न अडेल, चुलत बहिणींचंही अडेल, म्हणून निदान घराच्या चार भिंतींत कोंडलं जातं. मग बहीण वाहक आहे की नाही हे न तपासताच तिचं लग्न होतं. ज्या भीतीपोटी लपवलं, तीच पुढच्या पिढीत खरी होण्याची वाट आपणच मोकळी करतो.

पत्रिका जुळवताना छत्तीस गुणांपैकी आठ गुण एकट्या नाडीला असतात, आणि एकनाडी टाळतात ती संततीला बाधा नको म्हणून. म्हणजे होणाऱ्या मुलांची काळजी लग्न ठरवतानाच करायची, हे आपल्याकडे कुणाला नव्याने शिकवायला नको. त्याच काळजीसाठी एक रक्ततपासणी का चालू नये, हे मला कळत नाही.

आणि हे करून दाखवलेले समाज आहेत. न्यूयॉर्कमधल्या सनातनी ज्यूंत रब्बी योसेफ एकस्टाइन यांनी, स्वतःची मुलं टे-सॅक्स आजाराने गमावल्यावर, १९८३मध्ये ‘दोर येशोरीम’ सुरू केलं. तरुण मुलामुलींची तपासणी होते, पण निकाल त्यांना सांगत नाहीत. एक क्रमांक देतात. स्थळ आलं की दोन्ही क्रमांक कळवायचे, आणि जोडी जुळते की नाही एवढंच उत्तर मिळतं. कुणाच्या कपाळावर वाहक म्हणून शिक्का बसत नाही. इतकं लांब जायला नको. मुंबईतल्या सिंधी आणि लोहाणा समाजांत थॅलेसेमियाची तपासणी लग्नाआधी करण्याचा प्रघात कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं खपून रुजवला. गडचिरोलीसह विदर्भात आणि नंदुरबारमध्ये सिकलसेलची कार्डं वाटली जातात; १ जुलै २०२३पासूनच्या राष्ट्रीय मोहिमेत तर दोन कार्डं एकमेकांवर ठेवून जोडप्याला धोका आहे का ते बघायची सोय आहे. आदिवासी पाड्यावरची मुलगी ते कार्ड दाखवू शकते, तर भाईंदरच्या वातानुकूलित हॉलमधल्या परिचय संमेलनात ते का दाखवता येऊ नये?

अग्रसेन जयंती घटस्थापनेच्या दिवशी, आश्विन शुद्ध प्रतिपदेला येते. त्या दिवशी शोभायात्रा निघते, रक्तदान शिबिर होतं. बाटलीभर रक्त देणाऱ्या तरुणांकडून आणखी दोन मिलिलिटर या तपासणीसाठी घ्यायचे, निकाल बंद पाकिटात फक्त त्यांच्याच हाती द्यायचा, आणि समुपदेशक आधीपासून बोलावून ठेवायचा. समुपदेशकाशिवाय मात्र हे करू नये. अर्धवट कळलेला निकाल न कळण्यापेक्षा जास्त घरं मोडतो.

समुपदेशक काय सांगेल? आजारी मुलाच्या निरोगी बहिणीत वा भावात ते अक्षर असण्याची शक्यता तीनात दोन. असलं तरी तिची तब्येत आयुष्यभर ठणठणीत राहील. तिने वाहक नसलेल्या मुलाशी लग्न केलं तर मुलांना एमएलसी होणार नाही. त्यासाठी समाजाबाहेरच जायला हवं असंही नाही, कारण समाजातलेही बहुतेक जण वाहक नसतात. दोघं वाहक निघाले आणि तरी त्यांना एकमेकांशीच लग्न करायचं असेल, तर तेही होऊ शकतं. गरोदरपणाच्या अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा कण घेऊन तपासणी करता येते. गर्भलिंगनिदान बंदीच्या १९९४च्या कायद्यात आनुवंशिक आजारांच्या तपासणीला नोंदणीकृत केंद्रात परवानगी आहे, हे अनेकांना ठाऊक नसतं. आयव्हीएफ करत असतील तर गर्भाशयात सोडण्याआधीच भ्रूण तपासता येतो. या सगळ्यासाठी आजारी मुलाचा जनुकीय अहवाल जपून ठेवलेला हवा. नुसती एमआरआय फिल्म पुरत नाही. आणि दुसऱ्या मुलाचा विचार मनात आला की लगेच, पाळी चुकायच्या आधीच, अहवाल घेऊन आनुवंशिकी विभागात जावं. पाचव्या महिन्यात गेलं तर हातात फार थोडं उरतं.